चौथ्या भट्टीचे तीनशे सेकंद

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि पाठीमागे भागूबाई. हे नाव मीच ठेवलं होतं, ते आधीच कबूल करून टाकते. तेव्हा मला त्याची भारी गंमत वाटायची.

माणूसच तसा होता. ऑफिस पाचव्या मजल्यावर, पण काका कधी लिफ्टने आले नाहीत. लिफ्टची तपासणी शेवटची कधी झाली, असं त्यांनी पहिल्याच दिवशी वॉचमनला विचारलं. वॉचमनने कागद दाखवला. काकांनी तो नीट वाचला, आभार मानले आणि जिन्याने वर आले. खुर्चीत बसण्याआधी ते खुर्ची हलवून बघायचे. घरून फोन आला की ‘हॅलो’ म्हणायच्या ऐवजी ‘काय झालं?’ म्हणायचे. काकूंनी बिचाऱ्यांनी येताना साबण आणा एवढंच सांगायला फोन केलेला असायचा. पूर्वी ते कुठल्याशा कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये होते म्हणे. त्याबद्दल विचारलं की चष्मा पुसायला घ्यायचे, आणि चष्मा पुसून होईपर्यंत विचारणारा कंटाळून जायचा.

आमचं काम काय ते सांगते. मोठ्या कारखान्यात भट्ट्या असतात, बॉयलर असतात, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी एक सुरक्षेची यंत्रणा असते. काही बिनसलं की सगळं बंद करायचं, एवढंच तिचं काम. दाब वाढला, बंद. ज्वाला विझली, गॅस बंद. कधी काय बंद करायचं ही अक्कल एका प्रोग्रॅममध्ये लिहिलेली असते, आणि तो प्रोग्रॅम कारखान्यात जायच्या आधी आम्ही तपासायचो. आमच्याकडे ना भट्टी, ना गॅस, ना साधी वायर. दोन कॉम्प्युटर होते. एकात तो प्रोग्रॅम आणि दुसऱ्यात खोटी भट्टी. खोट्या भट्टीत आम्ही खोटी आग लावायचो, मग मुद्दाम पंखा बंद पाडायचो, ज्वाला विझवायचो, आणि प्रोग्रॅम वेळेवर सगळं बंद करतो का ते बघायचो. दिवसाला दहा-बारा स्फोट तरी आम्ही चहा पिता पिता टाळायचो.

माझा धाकटा भाऊ याला भातुकली म्हणायचा. तो खऱ्या कारखान्यात भट्टीवर होता, गावाबाहेरच्याच. ‘‘ताई, तुम्ही एसीत बसून भातुकली खेळता,’’ म्हणायचा, ‘‘आणि चटके आम्हाला बसतात.’’ मी म्हणायचे, ‘‘आम्ही खेळतो म्हणून तुझ्या भुवया शाबूत आहेत.’’ त्यावर तो भुवया उडवून दाखवायचा.

त्या वर्षी त्याच्याच कारखान्याचं काम आमच्याकडे आलं. चार नव्या भट्ट्या. आता भट्टीचा एक साधा नियम असतो. पेटवण्याआधी आत कुठे गॅस साचला असेल तर तो बाहेर हाकलावा लागतो. त्यासाठी पंखा पाच मिनिटं, म्हणजे तीनशे सेकंद चालवायचा. तोवर ठिणगी पडूच द्यायची नाही, हे प्रोग्रॅमने बघायचं. पण आमच्या चाचण्या शेकड्याने. दर वेळी खोट्या भट्टीपुढे पाच मिनिटं हाताची घडी घालून कोण बसणार? म्हणून चाचणीपुरते आम्ही तीनशेचे पाच करायचो. पाच सेकंद थांबायचं आणि पुढे जायचं. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात, त्यात वावगं काही नाही. फक्त शेवटी न विसरता पाचाचे परत तीनशे करायचे.

त्यासाठी काकांनी एक लाल वही ठेवली होती. चाचणीपुरता केलेला प्रत्येक बदल त्या वहीत. काम संपलं की काका एकेक ओळ घेऊन आकडा पूर्ववत टाइप करायचे आणि मोठ्याने म्हणायचे. मी शेजारी बसून स्क्रीनवर बघायचं, ‘दिसलं’ म्हणायचं आणि सही करायची. मी साक्षीदार.

‘‘तुम्हीच टाइप करता, तुम्हीच बघा ना,’’ मी एकदा म्हटलं होतं.

‘‘नाही,’’ काका म्हणाले. ‘‘माणसाच्या मनात जे टाइप करायचं असतं तेच त्याला स्क्रीनवर दिसतं. म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात. तुम्ही दिसलं म्हणालात की मी ते धरून चालतो.’’

तो गुरुवार होता. कारखान्याचा माणूस फाइल न्यायला बाहेर येऊन बसला होता आणि आमचे साहेब दर पाच मिनिटांनी दारातून डोकावत होते. वहीतल्या शेवटच्या चार ओळी राहिल्या होत्या, चार भट्ट्यांच्या. ‘‘एक नंबर, तीनशे.’’ दिसलं. ‘‘दोन नंबर, तीनशे.’’ दिसलं. ‘‘तीन नंबर, तीनशे.’’ दिसलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. भावजयीने सोफ्याच्या कापडाचे फोटो पाठवले होते, निळं घेऊ की करडं म्हणून.

‘‘चार नंबर, तीनशे,’’ काका म्हणाले.

‘‘दिसलं,’’ मी म्हणाले. मी निळं कापड बघत होते.

सही केली आणि वही मिटली. काकांनी साहेबांना गाठलं. ‘‘मूळ प्रोग्रॅमशी एकदा ओळ न ओळ ताडून बघतो. तीन तास द्या फक्त.’’ साहेबांनी कपाळाला हात लावला. ‘‘काका, वहीवर दोघांच्या सह्या आहेत ना? मग? जा, घरी जा, आराम करा.’’ आणि मी, मला कुणी विचारलंही नव्हतं, मी म्हटलं, ‘‘काका, तुमच्या भीतीलासुद्धा एखादी सुट्टी द्या हो.’’ सगळे हसले. काकाही हसले आणि चष्मा पुसायला लागले.

सोमवारी सकाळी दहा-सव्वादहाला भावाचा फोन आला. कारखान्याच्या गेटवरून बोलत होता. तिथे भट्टीकडे जाताना मोबाइल गेटवरच्या पेटीत ठेवून जावा लागतो, म्हणून तो नेहमी तिथूनच काय ते बोलून घ्यायचा.

‘‘ताई, तुझी भातुकली झकास हं!’’ खुशीत होता. ‘‘पहिल्या तिघींनी पाच पाच मिनिटं ताटकळत ठेवलं. चौथी मात्र हुशार निघाली. पंखा लागला न लागला तोच ‘पेटवा’चा हिरवा दिवा! इथले साहेब म्हणाले, नवीन आहे, आधीची हवा मोजली असेल तिने.’’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

‘‘पहिल्यांदा पेटली नाही पण,’’ तो सांगत होता. ‘‘गॅस सोडला, ठिणगी पडली, ज्वाला काही धरेना. आता चहा झाला की परत लावतोय. मी वर झरोक्यापाशी उभा राहणार, ज्वाला धरते का बघायला. चल, ठेवतो, पेटीवाला ओरडतोय.’’

‘‘थांब,’’ मी म्हणाले. ‘‘अरे थांब, ऐक—’’

फोन बंद झाला होता. मी परत लावला. बंद. परत लावला. बंद. तो त्या पेटीत पडला होता.

माझे हातपाय गार पडले, असं आपण सहज म्हणतो. माझे खरोखर पडले. हिरवा दिवा लगेच लागला म्हणजे पाच सेकंद. पहिल्या खेपेला न पेटलेला सगळा गॅस भट्टीत तसाच. परत पाच सेकंद पंखा फिरणार, दिवा हिरवा होणार, ठिणगी पडणार, आणि माझा भाऊ झरोक्याला डोळा लावून उभा असणार. हे सगळं मला एकदम, एका दमात कळलं. आणि त्याच्याबरोबर ते निळं कापडही दिसलं.

मी काकांच्या टेबलापाशी कशी गेले ते आठवत नाही. ‘‘चार नंबर,’’ एवढंच तोंडून निघालं. पुढे ततपप.

काकांनी काय, कसं, काही विचारलं नाही. त्यांनी फाइल उघडली. स्क्रीनवर दोन चौकटी असतात. एकीत आपण टाइप करतो तो आकडा, आणि शेजारच्या चौकटीत प्रोग्रॅममध्ये खरोखर असलेला. टाइप केल्यावर एक बटण दाबावं लागतं, मगच नवा आकडा आत जातो. साक्षीदाराने बघायची ती शेजारची चौकट. तिथे पाच होते. गुरुवारी काकांच्या हातून बटण दाबायचं राहिलं होतं, आणि मी बघितलं असतं तर गुरुवारीही तिथे पाचच दिसले असते.

काकांचा चेहरा पांढरा पडला. ओठ हलत होते पण आवाज नव्हता. मला वाटलं, संपलं, आता हे इथेच आडवे होणार आणि मला यांनाच सांभाळत बसावं लागणार. इतका राग आला मला त्यांचा त्या क्षणी!

साहेब आले. त्यांनी स्क्रीन बघितली आणि त्यांचंही धाबं दणाणलं, पण त्यांचं वेगळ्या दिशेने. ‘‘एक मिनिट. घाई नको. हीच फाइल त्यांच्याकडे गेलीय का, आधी खात्री करा. मग मी त्यांच्या मॅनेजरना रीतसर मेल टाकतो. असं उठून फोन केला तर कंपनीची अब्रू...’’

‘‘माझा भाऊ आहे तिथे!’’ मी ओरडले. आयुष्यात साहेबांवर पहिल्यांदा.

काकांनी टेबलावरचा फोन ओढला. कारखान्याच्या कंट्रोल रूमचा नंबर आमच्या भिंतीवर चिकटवलेला होता, पण त्यांनी वर बघितलंच नाही. त्यांना तो पाठ होता. एंगेज. परत लावला. एंगेज. तिसऱ्यांदा नंबर चुकला आणि कुठल्यातरी बाईंनी ‘कोण पाहिजे?’ विचारलं. चौथ्यांदा लागला. त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं.

‘‘कंट्रोल रूम,’’ पलीकडून एक तरुण आवाज आला. मागे कुणीतरी हसत होतं.

‘‘चौथी भट्टी थांबवा,’’ काका म्हणाले. ‘‘आत्ता. लाल बटण दाबा.’’

‘‘कोण बोलतंय?’’

काकांनी कंपनीचं नाव सांगितलं. ‘‘हवा पूर्ण झालेली नाही. दिवा खोटा आहे. आत गॅस आहे.’’

‘‘साहेब वर गेलेत भट्टीवर. ते आले की सांगतो. लेखी काही आहे का तुमचं?’’

‘‘लेखी नंतर देतो.’’

‘‘असं कसं? लाल बटण दाबलं तर चारही भट्ट्या बसतात. मला विचारतील ना, कुणाच्या सांगण्यावरून दाबलं?’’

आणि मग काका रडायला लागले. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा माणूस, सगळ्या ऑफिससमोर, फोनमध्ये तोंड घालून हमसून हमसून. मी तोंडावर हात दाबून उभी होते. मनात एकच, आता ठिणगी पडली असेल, आता पडली असेल.

‘‘बाळा,’’ काका म्हणाले, ‘‘मी रडतोय, ऐकू येतंय ना तुला? मी कोण, तू कोण. ओळख ना पाळख. माणूस उगाच इतका घाबरतो का रे? दाब. माझं नाव सांग सगळ्यांना. दाब तू.’’

मागचं हसणं थांबलं होतं. मग एक घंटा वाजायला लागली, एकसुरी, कर्कश. ती घंटा मी आमच्या कॉम्प्युटरवर हजारदा वाजवली असेल. खरी मी पहिल्यांदा ऐकली.

‘‘दाबलं,’’ तो मुलगा म्हणाला.

‘‘वर माणसं आहेत त्यांना खाली बोलव,’’ काका म्हणाले, आणि फोन ठेवून जमिनीवरच बसले.

वर काय झालं होतं ते कळायला पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात मी भिंतीला टेकून उभी राहिले. कुणी पाणी दिलं ते प्यायले की नाही आठवत नाही. भावजयीला कळवायचं का? काय कळवायचं? बटण वेळेवर दाबलं गेलं का? घंटा वाजण्याआधी ठिणगी पडली असेल तर? फोनवर स्फोट ऐकू आला असता का? असले प्रश्न मी एकामागून एक मोजत होते, आणि काका जमिनीवर बसून माझ्याकडे बघत होते.

अकरा वाजून गेल्यावर भावाचा फोन आला. ‘‘काय गं ताई, सगळं बंद पाडलंत!’’ मग जरा हळू म्हणाला, ‘‘आत मीटर घातला गॅसचा. काटा टोकाला जाऊन थांबला. मी झरोक्यापाशी होतो गं. साहेबांनी ठिणगीचा हुकूम द्यायला हात वर केला होता.’’

मी ‘बरं’ म्हणाले.

नंतर चौकशी सुरू झाली. लाल वही साहेबांच्या केबिनमध्ये गेली. काकांनी आपला जबाब लिहून दिला आणि साहेबांनी मला बोलावून तो वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं, ‘बटण दाबायचं माझ्याकडून राहिलं. आणि घाईत मी साक्षीदाराला चौथ्या नंबरची स्क्रीन दाखवलीच नाही, तिने माझ्या शब्दावर सही केली. साक्षीदाराचा दोष नाही.’

हे खोटं होतं. स्क्रीन माझ्यासमोर हातभर अंतरावर होती.

‘‘असंच झालं ना?’’ साहेबांनी विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून हलवली. माझं घर, माझी नोकरी, भाऊ काय म्हणेल, सगळं त्या एका हलवण्यात होतं. काकांना त्याच दिवशी घरी बसायला सांगितलं. त्यांनी टेबलावरचा चष्म्याचा रुमाल खिशात घातला, मला ‘येतो’ म्हणाले आणि जिन्याने खाली गेले. मी खिडकीतून बघितलंही नाही.

रविवारी भाऊ आणि भावजय घरी आले. तो माझ्यासाठी उगाच काहीबाही घेऊन आला होता. कारखान्यात बातमी अशी होती की ऑफिसातल्या म्हाताऱ्याने घोळ घातला आणि बहिणीने फोनवर नेमकं ऐकून सगळ्यांना वाचवलं. ‘‘त्या माणसाला धरून हाणलं पाहिजे,’’ भाऊ म्हणाला. ‘‘असली माणसं ठेवतातच कशाला? ताई होती म्हणून.’’ भावजयीने माझा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते.

सोमवारी निदान ओरडता तरी आलं होतं.

‘‘मी बघितलं नव्हतं,’’ मी म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘चौथ्या नंबरला बघायचं काम माझं होतं. मी न बघता दिसलं म्हणाले. फोनवर सोफ्याचं कापड बघत होते. काकांनी माझ्यासाठी खोटं लिहून दिलंय. आणि बटण दाबायला लावलं तेसुद्धा त्यांनीच. रडून. मी नुसती उभी होते.’’

भावजयीने हात काढून घेतला नाही, पण तिची पकड सुटली. भाऊ खाली बघायला लागला. मी त्याची मोठी बहीण. लहानपणी रस्ता ओलांडताना तो माझं बोट धरायचा आणि मी दोन्हीकडे बघेपर्यंत पाऊल टाकायचा नाही. तो आता माझ्याकडे बघत नव्हता.

‘‘उद्या जाऊन सांग,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘त्या माणसालाही बोलवायला सांग. त्याच्यासमोर सांग.’’ आणि दोघं उठून गेले. दारात त्याने नेहमीसारखं ‘येतो गं’ म्हटलं नाही.

सोमवारी मी सांगितलं. काकांना बोलावून घेतलं होतं. पाच मजले चढून ते आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मी जे घडलं ते सगळं सांगितलं, कापडाच्या रंगासकट. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. काही वाटलं नाही.

साहेब काकांकडे वळले. ‘‘मग तुम्ही असं का लिहून दिलंत?’’

‘‘घाबरलो,’’ काका म्हणाले.

‘‘कशाला? नोकरी जाईल म्हणून? पण लिहून तर तुम्ही स्वतःचीच—’’

‘‘नाही, नाही. यांच्यासाठी घाबरलो.’’ त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मग चष्मा काढला, पण पुसला नाही, तसाच हातात धरला. ‘‘तिकडे कंट्रोल रूममध्ये मीही एकदा असंच न बघता हो म्हणालो होतो. एकोणीस वर्षं झाली. आमचा फोन वेळेवर लागला नाही. भट्टीवरचा मुलगा गेला. माझ्यापेक्षा लहान होता तो. तेव्हापासून मी हा असा आहे. त्या दिवशी या भिंतीला टेकून उभ्या होत्या ना, तेव्हा मी यांच्याकडे बघत होतो. म्हटलं, यांचा भाऊ वाचलाय. मग यांना कशाला माझ्यासारखं करून ठेवायचं?’’

साहेबांनी काकांचा जबाब बाजूला ठेवला आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. मी पेन घेतलं. पहिला शब्द लिहिला आणि खोडला. काका खुर्ची सरकवून माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी धरून ठेवला आणि पहिली ओळ मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितली. ‘‘लिहा. मी. बघितलं. नव्हतं.’’